उजळ रवा

सुवार्तिक सोलापूरकडून आले होते,
तीन रात्री सभा, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर.
पडद्यावर श्वापद दाखवलं, सात डोकी, दहा शिंगं,
एका डोक्यावर भरून आलेली जखम.
त्या जखमेवर ते काठीनं ठोकत राहिले.
सॉलोमन चांदणेचा धाकटा रडायला लागला,
त्याला कुणीतरी चहाच्या गाड्यावर नेलं.

मग आकडा आला.
कपाळावर किंवा उजव्या हातावर.
तो नसेल त्याला काही विकता येणार नाही,
काही घेता येणार नाही.
माझा उजवा हात तेव्हा खिशात होता.

एकवीस वर्षं शाहूपुरीत, गुळाच्या पेठेत, मी तोलाईला आहे.
आकड्यावाचून तिथं आजही काही विकत नाही.

खुणा मोजून दाखवल्या त्यांनी: लढाया, रोगराई,
आणि तुमची पंचगंगा, म्हणाले.
आम्ही माना डोलावल्या.
शुक्रवार पेठेत माझ्या भिंतीवर पुराची रेघ आहे अजून,
कपाटाच्याही वर.
ज्यानं गादीतला गाळ पिळलाय
त्याला खुणा लवकर पटतात.

परतताना दीनाबाई अवघडेंचा हात धरला होता मी.
मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, आता एका कानानं ऐकतात.
उतारावर थांबल्या, दम घेतला, म्हणाल्या,
“काय रे शांतवन,
त्यो येवढा वंगाळ दिसत असंल
तर फसंल कोण?”

मी हसलो.
रात्रभर झोप नाही.

काहिलीत पांढरी भुकटी पडते, हायड्रॉस म्हणतात,
आणि गूळ पिवळाधमक उतरतो.
सौद्यात सगळ्यांचे हात आधी त्याच्याकडं जातात.
भेंडीच्या रसानं मळी काढलेला, तांबूस, काळपट,
तो भिंतीकडं पडून राहतो, पडेल भावात जातो.
महिन्या-दोन महिन्यांनी उजळ रवा पाझरायला लागतो.
पण तोवर पावती फाटलेली असते.

दीनाबाई, फसणारे आम्ही आंधळे नसतो.
आम्हाला उजेड आवडतो, एवढंच.

आणि हेही सांगतो, कारण सभेत सांगितलं नाही.
तीस किलो चारशे ग्रॅम काट्यावर दिसतात,
मी तीस लिहितो.
वरचे चारशे कुठं जातात
हे विचारायची पेठेत रीत नाही.
रीत मी पाडली नाही.
मी आलो तेव्हा ती खुर्चीवर बसलेलीच होती,
तिनं सरकून मला जागा दिली.
दर नाताळाला अडत्याकडून केक येतो,
वर साखरेचा तारा.
डोळे मिटून, प्रार्थना करून
मीच कापतो तो.
माझ्या घरात शिरताना
कुणाला शिंगं नव्हती.

तिसऱ्या रात्री सुवार्तिक म्हणाले, भ्यालेत त्यांनी पुढं या.
सगळे गेले. दीनाबाईसुद्धा, काठी टेकत.
मी सतरंजीच्या कडेला चपला राखत बसलो.
मला श्वापदाची भीती वाटत नव्हती
आणि त्याचीच वाटत होती.

आज सकाळी सौदा.
काटा पुसला. पहिला रवा, एकोणतीस नऊशे.
लिहिलं.
दुसरा, तीस चारशे.
अडत्या शेजारी उभा, नेहमीसारखा, गोड माणूस,
माझ्या पोरीच्या परीक्षेचं विचारत होता.
कागलकडचा एक म्हातारा, टोपी हातात,
काट्याकडं बघतही नव्हता,
माझ्याकडं बघत होता.

पेन कागदावर टेकलं होतं.
शाईचा ठिपका मोठा होत गेला.

“लिवा की, मालक,” म्हातारा म्हणाला.

मालक म्हणाला मला.