पाणीच होतं, तो म्हणाला

लॅपटॉप तांदळात पुरून आणला होता त्यानं,
पिठाच्या गोणीत.
काउंटरवर ठेवताना कडेच्या फटीतून
चार दाणे घरंगळले.
"पाणी सांडलं," तुगुल्दुर म्हणाला.
"थोडंसंच. पाणीच होतं."

ओदोनचिमेगनं दाणे टिपून घेतले.
तांदळाचा भात चांगला होतो, एवढंच बोलली.
मग नेहमीचा प्रश्न : "नंतर चालू करून पाहिलास?"
तो गप्प.
"किती वेळा?"
"तीनदा."

बाहेर उणे एकतीस. उलानबातारचा कोळशाचा धूर
तीन जिने चढून दुकानात आलेला,
खिडकीला आतून बर्फ.
तिनं दहा स्क्रू काढले,
कागदावर काढलेल्या चौकटीत
ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या जागी ठेवलं.
आधी बॅटरी सोडवली,
भांडणाऱ्या दोघांतल्या एकाला
दंड धरून बाजूला न्यावं तशी.

मग भिंगाखाली बोर्ड.

पाणी असं सुकत नाही.
पाणी जाताना फार काही मागे ठेवत नाही.
इथे पिवळट पापुद्रा होता, करपलेल्या सायीचा,
आणि त्याच्या काठाकाठानं
तांबं हिरवं फुललेलं.
तिनं नाक जवळ नेलं. आंबूस.
पाणी कुठलं, दूध कुठलं हे निवडायला
हंस लागत नाही,
चाळीसपट भिंग आणि बावीस वर्षं या कामात मुरलेलं नाक
पुरतं.

"चहा?"
"नाही."
"आपल्या चहात मीठ असतं. असेल तर आत्ताच सांग.
मीठ रात्रीसुद्धा खात राहतं."
"मीठ नाही," तो म्हणाला, आणि मग बुटांकडे बघत,
"आईनं शिंपडलं."

परवा पहाटेचं विमान. बुसान, चार वर्षं,
जहाजं बांधायचं शिक्षण.
समुद्र दोघांनीही पाहिलेला नाही.
आई दोन दिवस बसनं आली, थर्मासमध्ये दूध घेऊन.
जाणाऱ्याच्या मागे दूध उडवायचं असतं,
पूर्वी घोड्याच्या रिकिबीवर, आता गाडीच्या चाकांवर,
पण विमानतळावर कोण उडवू देणार?
तिनं विचारलं, तू नेमका कशाच्या जोरावर चाललास?
यानं हसत लॅपटॉपवर थाप मारली.
झाकण उघडंच होतं.
लाकडी चमच्याला नऊ खळगे असतात.
तिनं नऊही भरले होते.

ओदोनचिमेगनं अल्कोहोलची बाटली उघडली.
मुलीचा लहानपणीचा दातांचा ब्रश,
केस आखूड कापलेला,
एका दिशेनं, हलक्या हातानं.
एका चिपच्या पोटाखाली दूध शिरलं होतं.
ती चिप गरम हवेनं उचलली,
खालची जागा पुसली, परत बसवली.
मधे दोनदा शिवी हासडली, कुणाला ते कळलं नाही.
तुगुल्दुर स्टुलावर बसल्या बसल्या पेंगला.

नऊच्या सुमारास पंखा घरघरला.
पडद्यावर त्याच्या गावची टेकडी आली,
आणि टेकडीसमोर एक उंट, कॅमेऱ्याकडे पाठ करून.

पैसे तिनं पुरते घेतले. एक तुग्रिकही सोडला नाही.
पावतीवर 'कारण' म्हणून छापलेल्या रकान्यात
क्षणभर पेन थांबलं,
मग तिनं लिहिलं : पाणी.
"पावती आईला दाखवलीस तरी चालेल."

एक अक्षर तेवढं उठेना.
ओ आणि उ यांच्या मधला तो स्वर,
वर्तुळ आणि त्यात आडवी रेघ.
नवा कीबोर्ड बीजिंगहून यायला आठवडा लागतो.
"चालवून घेईन," तो म्हणाला,
आणि सवयीनं हवामान बघायला
हिवाळा टाइप करू लागला.
त्यांच्या शब्दात तो स्वर दोनदा येतो.
पडद्यावर दोनच व्यंजनं उमटली,
मधे काही नाही.

खाली जिन्यापाशी आई उभी होती,
रिकामा थर्मास काखेत धरून.