खुंटीची उंची

बुधवारी मारेगावचा बाजार, म्हणून जिन बंद.
पट्टे सैल, रोलर गार,
छताच्या जाळीला हंगामभराची रुई लोंबलेली.
मी ओला फडका आणि खिशात पेन घेऊन
एकेका लाल नळकांड्याशी थांबतो,
कंपाउंडर खाटेखाटेशी थांबतो तसा.

अकरा आहेत.
पहिल्याच्या गळ्यात कुणाची तरी डब्याची पिशवी.
तिसरं गाठींच्या थप्पीमागे गेलेलं,
ते शोधायलाच पाव तास.
सातव्याच्या नळीत कुंभारणीनं घर बांधलंय,
आत बेशुद्ध कोळी, तिच्या पिलांची बेगमी.
काडीनं माती काढताना
जरा ओशाळल्यासारखं होतं.

काटा हिरव्यात? हिरव्यात.
पिन? आहे. सील? आहे.
मग उचलायचं, उलटं धरायचं, कान लावायचा.
आतली पावडर कूस बदलते
झोपेतल्या माणसासारखी.
नाही बदलली, तर तिचा दगड झाला.
आणि दगडाचं इथं काय काम?
वेचणीत आलेला एवढासा खडा
सुरीवर घासतो, ठिणगी पडते,
सगळं त्याच्यापासूनच तर सुरू होतं.

खुंट्या ठोकल्या नागपूरच्या माणसानं,
टेप लावून, स्वतःच्या खांद्याला धरून.
चार नंबरच्या जिनाशी इमला मडावी सरकी ओढते.
एक दिवस फावडं टेकवून म्हणाली,
"मले त हात पुरत नाही, भाऊ.
आग लागन तवा का ढिगावर चढू?"

मी हसलो.
रात्री जेवताना घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी ड्रिल घेतलं.
जिनाजवळच्या खांबावरून ते काढलं,
आगीच्या कुशीत ठेवलेलं
आगीच्याच कामाला येतं,
आणि दाराच्या अंगाला लावलं,
दीड वीत खाली, इमलाच्या छातीशी.
प्रेसवाला पिसाराम ओरडला,
"लेकराईसाठी लावतं का बे?"
खांबावर जुनी दोन भोकं राहिली.
बुजवायला सिमेंट मिळालं नाही.

माघात, रात्रपाळीला, तीनच्या सुमाराला
कोणीतरी बोंबललं.
मी मेन स्विच पाडून पळत पोचेस्तोवर
जाळ नव्हता.
होती फक्त पांढरी धूळ,
आणि तिच्यात पापण्यांपर्यंत पांढरी इमला,
बोटात पिनेची कडी अंगठीसारखी अडकलेली.

पण कापूस पावडरीनं फसत नाही.
तो आग गिळतो आणि गप्प बसतो.
ढीग बाहेर ओढला, दाताळ्यांनी विंचरला,
आत लाल डोळे उघडत होते एकेक.
पाणी, पुन्हा दाताळं, पुन्हा पाणी.
उजाडलं तेव्हा अंगणात
काळपट ओला चिखल, आणि चहा.
इमला म्हणाली, "आणखी चार बोटं खाली पाह्यजे.
उचलतानी कोपर लागला."

प्रत्येक नळकांड्याच्या कार्डावर 'वापर' असा रकाना आहे.
अकरा कार्डं, सहा वर्षं, कोरा.
त्यात लिहिलं: जिन चार, इमला मडावी.
तिनं वाकून पाहिलं, म्हणाली,
"मडावीतला 'डा' नीट काढा."

रिकाम्या खुंटीवर
शेठजींच्या थंड खोलीतलं आणून लावलं.
त्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं.

मग रिकामं मांडीवर घेऊन वणीच्या एसटीत बसलो.
कंडक्टर बिचकला. "गॅस हाय का?"
"नाही. आगीच्या उलटं हाय."
त्यानं एक बोटानं ठोकून पाहिलं,
पोकळ आवाज आला.
"भरून आणतानी सांगजा," म्हणाला,
"आमच्या डायवरच्या मागचं
कधीचं हाय, कोणाले मालूम."
मी वाकून पाहिलं.
काटा दिसत नव्हता.
वर स्वेटर टांगलेला होता.