परत आलेल्या गोळ्या

दर तिसऱ्या महिन्यात, मंगळवारी,
बाटल्या परत येतात.
निळ्या ट्रेवर ओतायच्या,
चमच्याच्या चपट्या दांड्याने पाच-पाच सरकवायच्या
आणि उरल्यासुरल्यांचा आकडा लिहायचा.
खरी कुठली, मक्याच्या पिठाची कुठली,
मलाही सांगितलेलं नाही.
वास दोन्हींचा एकच, भिजून वाळलेल्या पुठ्ठ्याचा.

एकशे सतरा नंबरच्या आउनेबाईंच्या
नेमक्या सहाच उरतात, दर वेळी.
जादाच्या त्या आदल्या रात्री सिंकमध्ये सोडतात,
हे त्यांच्या सुनेनं मला कॉफीच्या रांगेत सांगितलं.
मी लिहिलं : सहा.
ऐंशी नंबरच्या बाटलीत एकदा शर्टाचं बटण निघालं.
"अगं, हेच तर शोधत होते!"

सगळ्या साठी-सत्तरीच्या.
डॉक्टर समजावतात,
मधुमेह नाही हो, अजून नाही, तुम्ही उंबरठ्यावर आहात.
"उंबरठ्यावर उभं तरी किती राहायचं?
गुडघे दुखतात,"
म्हणाल्या त्रेचाळीस नंबरच्या इर्या,
एकतीस वर्षं योएन्सूच्या बेकरीत
पहाटे तीनला राईचं पीठ मळलेल्या.
मी हसले.
माझा स्वतःचा आकडा पाच पूर्णांक नऊ आहे,
तो मी कुणाला सांगितलेला नाही.

फेब्रुवारीत इर्यांच्या बाटलीतून
बासष्ट जास्त निघाल्या.
दोनदा मोजल्या.
फॉर्मवर कारणं तीनच :
विसरल्या, त्रास झाला, इतर.
इतरपुढे बोटभर रेघ.
विचारलं.
त्या हातमोज्यावरचे बर्फाचे कण
नखानं काढत बसल्या होत्या.

"वेइक्को जानेवारीत गेला.
महिनाभर सकाळ-संध्याकाळ
नुसता आवंढाच गिळत होते बघ.
गोळीला कुठे जागा?"

मग जरा थांबून,
"माझ्यामुळे तुमचं गणित चुकेल का गं?"

नाही म्हटलं.
चुकणार होतं, थोडंसं.
बोटभर रेघेत वेइक्को मावेना,
मी "विसरल्या"वर खूण केली.

शरदात लिफाफे उघडले.
त्रेचाळीस : मक्याचं पीठ, वर्षभर.
साखर होती तिथेच.
वाटलं, फोन करावा,
इर्या, त्या बासष्टांत काहीच नव्हतं,
तुम्ही काही चुकवलं नाहीत.
पण पत्राचा मसुदा ठरलेला :
सहभागाबद्दल आभार, खाली सही.
आउनेबाईंच्या खऱ्या होत्या.
सिंकमध्ये गेल्या त्यासुद्धा.

शनिवारी बाजारचौकात इर्या दिसल्या.
वेलचीचा बन घेतलेला,
मधोमध मोडला,
अर्धा उभ्यानेच खाल्ला,
उरलेला रुमालात गुंडाळला,
पिशवीत ठेवला,
पुन्हा काढला.
मग मी दिसले त्यांना.

"हा मोजू नकोस," म्हणाल्या.