चौथी आवृत्ती

वडिलांच्या पुस्तकात रस्ते असे सापडतात :
लाल कोठारापासून दोन पूर्णांक तीन मैल,
पुढे सालमेलांची टपालपेटी,
तिथून डावीकडे,
पाण्याचा आवाज येईस्तोवर.

कोठार परवाच्या हिवाळ्यात बर्फाच्या भारानं बसलं.
सालमेलांचं आता इथे कुणी नाही, पेटीचा खांब तेवढा आहे, कललेला.
आणि आवाज?
तो लाकडं वाहणाऱ्या ट्रकांच्या आवाजातून
निवडून घ्यावा लागतो.

प्रकाशक म्हणाला, इंपी, तूच एकदा फिरून ये सगळं.
एकशे चौदा धबधबे.
मी त्यांचीच जुनी गाडी काढली.
तिचा मैलांचा आकडा दहा मैलांमागे पाव मैल जास्त पळतो,
म्हणजे पुस्तकही तेवढंच पुढे पळतं.
दुसऱ्या गाडीनं गेलं की चुकतं.
हिच्यात बसलं की चूक चुकीशी
बरोब्बर जुळते.

उंची ते दोरीनं मोजत.
वरच्या खडकावर पालथे पडून
नट बांधलेली मासेमारीची दोरी सोडायचे,
आणि खाली, गुडघाभर गारठ्यात, मी सात वर्षांची,
ओरडायचे : टेकला!
दोरीला गाठ पडायची.
घरी आईच्या शिवणाच्या टेपनं
धबधबा जेवणाच्या टेबलावर आडवा मोजला जायचा.

या उन्हाळ्यात पाहिलं,
खुणेच्या वस्तू जवळपास सगळ्या पडल्यात.
पूल पडला, चर्चचा मनोरा पडला,
ते स्वतः मार्चमध्ये अंगणातल्या बर्फावर पडले, ते उठलेच नाहीत.
जे मुळातच पडत होतं
तेवढं जागेवर आहे.

पान एकसष्ट.
“कोर्पी ओढा. साडेतीन फूट. वाट चिखलाची. डास.
वेळ असेल तरच.”
तीस वर्षांत लोकांची पत्रं आली, खोकीभर,
या पानाबद्दल एक नाही.
मला वाटलं, इथेच काहीतरी ठेवलं असणार त्यांनी.
कमी बोलणाऱ्या माणसाच्या दोन शब्दांखाली
आपण उगाच भुयार शोधतो.

गेले. चिखल होता.
डास होते.
दोरी सोडली, साडेतीन फूट.
कुणाची अक्षरं कोरलेली नव्हती, बाक नव्हता.
कोऱ्या चहाच्या रंगाचं एवढंसं पाणी
शेवटची पायरी चाचपून उतरणाऱ्या बाईसारखं
एका दगडावरून खाली येत होतं.
टेकलं, असं कुणाला सांगावं
तर वर कुणी नव्हतं.

वेळ मात्र होता.
थर्मासमधली कॉफी निवली, राईचा पाव संपला,
देवदारांच्या मागे उजेड रेंगाळला,
मी तशीच बसून.

रात्री मोटेलमध्ये दुरुस्त्या लिहिल्या.
कोठार काढलं. टपालपेटी काढली.
पुलाच्या जागी “पाण्यातून, बूट हातात घेऊन.”
पान एकसष्ट तसंच ठेवलं.
फक्त ‘डास’च्या पुढे
‘फार’ घातलं.