पान एकतीस

एका आड गुरुवारची फेरीबोट
मला, माझ्या गाडीला आणि साडेतीन हजार पुस्तकांना
बेटाच्या धक्क्यावर आणून सोडते, पुरती घुसळून.
ऑर्कनीच्या लाटांनी कादंबऱ्या फळीवरून
बोटभर पुढे सरकलेल्या असतात,
कोण आलंय ते बघायला.

पहिला थांबा, शाळेची मागची भिंत.
इंगा फ्लेट, वय एक्याऐंशी.
"तिसरा," एवढंच म्हणते.
इन्स्पेक्टर हेडलचे भाग एकवीस.
तिसरा बाहेर गेलाय, मी म्हटलं, चौथा न्या,
खून काय, प्रत्येकात नवाच.
तिने असं पाहिलं
जसं मी एखाद्या पोराला बारशाआधीच शाळेत घातलंय.
"खून नवा असतो रे. गुडघा जुना असतो."
आणि रिकाम्या पिशवीने परत गेली.

दुसऱ्या भागात हेडल कसा पडतो, ते तिला ठाऊक आहे.
पुढे सगळीकडे तो जिने मोजत चढतो.
मधूनच शिरणाऱ्याला वाटतं, असेल त्याची लकब.

वाचून झालं की पान एकतीस,
आकड्याखाली पेन्सिलीची बारीक फुली.
इथले म्हातारे असंच करतात,
वाचलेलं पुन्हा घरी येऊ नये म्हणून.
नियमाने मी ती खोडायला हवी.
माझं खोडरबर नऊ वर्षं सापडत नाहीये.

शेवटचा थांबा, खेकड्यांच्या पिंजऱ्यांची रास.
ओला ड्रेव्हर. त्याची खूण वर्तुळ.
एकविसावा नेला, मग विसावा, मग एकोणिसावा.
उलटं चाललंय तुमचं, मी म्हटलं.
"सोळाव्यात त्याची बायको जाते," तो म्हणाला.
"मी पंधरावा उघडतो,
तर ही दारात उभी, भांडत."
कुत्रं दर भागाला थोडं लहान होतं.
पहिल्यात ते कोटाच्या खिशात मावेल,
असा त्याचा अंदाज.
खुनी कोण, हे त्याने मला कधीच विचारलं नाही.

हिवाळाभर एक खालून चढत होती, एक वरून उतरत होता.
मी कुणालाच काही बोललो नाही.
तिची एक खेप त्या तिसऱ्यापायी हुकलेली,
त्याची एक खोकल्यापायी,
म्हणून हिशेब जुळला: अकरावा, मार्चमध्ये,
प्रत एकच.
योगायोग म्हणावा,
पण इंगा सांगते, हेडल योगायोग मानत नाही.

त्या गुरुवारी समुद्र उठला.
गाडी धक्क्यावरच अडकली, थांबे रद्द,
दोघंही वाऱ्याला खांदा देत तिथेच आले
आणि दोघांनी एकच आकडा मागितला.

तिला कळायला वेळ लागला नाही.
"म्हणजे तुला पुढचं सगळं माहीत आहे."
"सगळं."
"मग तोंड बंद ठेव."
त्याने ठेवलं. थोडा वेळ.
मग, अगदी हळू: "त्याच्या गुडघ्याला झालं काय होतं?"
दहा भाग तो हे मनात घेऊन फिरत होता.
इंगाने तोंड उघडलं.
चहाच्या किटलीचा आवाज तेवढा.
"येईल," ती म्हणाली. "दुसऱ्यात."

बोट चार तास निघाली नाही.
बाकावर दोघं, मध्ये एक पुस्तक;
ती पान उलटायला टेकलेली
आणि हा अजून डाव्या पानाच्या निम्म्यात.
भांडण झालं, दोनदा.
पुस्तक शेवटी आधी कुणी घरी नेलं, ते सांगत नाही,
नोंदवहीत आहे.

आता तिचं प्रत्येक पुस्तक त्याच्या हातून आलेलं,
त्याचं प्रत्येक तिच्या.
परवा तिने चौदावा घेतला,
पायरीवर उभ्याउभ्याच एकतीस काढलं,
वर्तुळावर अंगठा ठेवला.
"गेलाय म्हणजे इथून,"
ती म्हणाली, पुस्तक पिशवीत टाकत,
"आणि एका शब्दाने बोलला नाही."