अकरा मिनिटं

खेळ मी लिहिला होता. तार्तूमध्ये, तिसऱ्या मजल्यावर.
नऊ गाड्या, एक फेरीबोट, तीन धक्के.
आधी उतरणारी गाडी शेवटी चढवायची,
एवढंच. आठ वर्षांच्या पोराला जमावं असं.

उजव्या कोपऱ्यात एक घुबड बसवलं होतं.
तीस सेकंद काहीच हललं नाही
की ते पंख फडफडवून विचारायचं,
अडलं का घोडं? सांगू का मी?
त्या घुबडाचा आम्हाला फार अभिमान.
नुसत्या भुवयांवर रायवोचे दोन आठवडे गेले होते.

मार्चमध्ये आकडे आले.
हिउमा बेटावरची शाळा, चौदा मुलं,
एका ओळीपुढे लाल खूण:
निष्क्रिय, अकरा मिनिटं चार सेकंद.
आणि त्यानंतर नऊ चाली, सलग,
एकही मागे न घेतलेली.

रायवो म्हणाला, पोर उठून गेलं असणार,
बाईंनी सोडवून दिलं असेल.
काढून टाक ती ओळ, सरासरी बिघडते.
मी काढणारच होते.
बोट कळीवर होतं, खरं सांगते,
आणि का कोण जाणे, बोटीचं तिकीट काढलं.

सहा नंबरचा लॅपटॉप उर्वेबाईंनी पुढे ठेवला.
पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, बरोबर घुबडावर,
खरचटलेल्या गुडघ्याला लावतात तसली
चिकटपट्टी.

'ते सारखं बोलतं,' तूले म्हणाली.
'मी तिथे पोचत आले, की बोलतं.'
कुठे पोचत आलीस की?
तिने खांदे उडवले,
झोपेत कुठे जातेस असं विचारल्यासारखे.

मग माझी कीव आली असावी.
'दुधाचा टँकर कुठे ठेवायचा ते ठरत नव्हतं.'
अगं, पण तो तर सोपा आहे, दुसरा धक्का, दुसरी फळी…
'हो, पण कडेला लावला तर बोट कलंडेल ना.
जड सगळं मधल्या रांगेत लागतं.
बाबा तसंच लावतो.'

माझ्या खेळातल्या गाड्यांना वजन नव्हतं.
रंग होते. सहा तऱ्हेचे हॉर्न होते.
वजन तिने दिलं होतं, एकेकीला, मनातल्या मनात,
आणि मी न विचारलेलं गणित सोडवत
ती बसून राहिली होती
दोन्ही तळहात मांडीखाली दाबून.

'हात असे ठेवून बसली,' बाई म्हणाल्या,
'की आम्ही हाक मारत नाही तिला.
घंटा झाली तरी.'

घुबड अजून आहे. रायवो हटून बसला.
पण आता ते झोपलेलं असतं,
टिचकी मारली तरच एक डोळा उघडतं.
आणि 'निष्क्रिय' हा शब्द मी खोडला,
त्या जागी काय लिहावं हे न सुचल्याने
रकान्याला आजही नाव नाही.

हे सगळं नंतरचं.
त्या संध्याकाळी परतीच्या बोटीवर
नारिंगी हातमोजे घातलेला एक माणूस गाड्या लावत होता.
कपाळ ओळखीचं वाटलं.
माझ्यापुढे ओंडक्यांचा ट्रक, मागे घोड्याचा ट्रेलर,
वारा असा की आरसे थरथरत होते.

तो मध्येच थांबला. हात खाली सोडले.
आमच्याकडे पाहत होता, पण आम्हाला नाही.
रांगेत चाळीसेक माणसं, घरी जायची घाई,
एकानेही हॉर्न दिला नाही.

सवयीने मी मोजू लागले, एक, दोन, तीन,
बावीस, तेवीस,
तेवढ्यात त्याने ट्रकला मधल्या रांगेत बोलावलं
आणि मला, एका बोटाने,
त्याच्या शेजारी.