एक घर उतरलेलं

उजवा डोळा भायखळ्याच्या धर्मादाय दवाखान्यात केला,
सात वर्षं झाली.
रांगेत आम्ही एकतीस जण,
कपाळाला चिकटपट्टी, पट्टीवर बाण,
कुठला डोळा ते चुकू नये म्हणून.
वरच्या बाजूनं साडेसहा मिलिमीटर कापलं,
पिकलेला मोती अख्खाच बाहेर घेतला
फणसातून गरा काढावा तसा,
आणि टाकाही न घालता मिटवलं.
खर्च म्हणाल तर बसचं भाडं
आणि मनानं नेलेला एक नारळ.

डावा आत्ता, पावसाळा सरताना,
माझगावला मुकादम डॉक्टरांकडे.
छेद पावणेतीनचा, कानाकडच्या अंगानं.
सुई आत थरथरते, मोती आतच फोडते,
भुगा ओढून घेते,
मग घडी घातलेलं भिंग आत जाऊन
आपलं आपण उलगडतं.
पैसे सुनेनं भरले. किती, ते सांगत नाही.

तेव्हापासून हा चाळा लागलाय.
पोयबावडीच्या नाक्यावर, पानवाल्याशेजारी उभा राहतो,
हा डोळा मिटतो, तो मिटतो,
आणि माझ्याच दुकानाची पाटी वाचतो:
वासुदेव पाचंगे, तबला व ढोलकी.
डाव्यानं सगळं जागच्या जागी.
उजव्यानं शिरोरेषा सुरीसारखी साफ,
पण उभे दांडे फिसकटलेले,
'व'चा दांडा नि त्याचा काना एकमेकांत विरघळून
वासुदेवचा होतो वसुदेव.
पोरगा उभ्या उभ्या स्वतःचा बाप.
रात्री सिग्नलचा लाल दिवा आडवा लांबतो
अंगठ्यानं कुंकू पुसल्यासारखा.

डॉक्टरबाईंनी बुबुळाचा रंगीत नकाशा दाखवला,
त्यात आडवा निजलेला आठाचा आकडा, लालभडक.
म्हणाल्या, जिथं कापतो तिथं बुबुळ सैल पडतं,
आणि मग आडव्या अंगाला ताण येतो.
छेद जेवढा मोठा, तेवढी ढील.
म्हटलं, बाई, हे मला नका शिकवू.
एका वादीला ढील दिली
की समोरच्या घराचासुद्धा सूर हलतो.
पुडी डोळ्याला गोल दिसते,
कानाला नाही.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
पूर्ण गोल लागते का हो कधी?
नाही लागत. सोळा घरं जवळजवळ एक करायची.
हातोडी कुठं थांबवायची, तेवढंच शिकायचं.

भायखळ्याच्या त्या डॉक्टरला नावं नाही ठेवणार.
जेवणाच्या सुट्टीआधी एकतीस डोळे!
मी दिवसाला दोन पुड्या मढवतो
आणि तिसरीला हात कापतो माझा.
पट्टी सोडली तेव्हा समोर बसलेल्या बाईच्या
पदराची किनार दिसली होती, हिरवी, बारीक मोरांची.
कोण होती ती, माहीत नाही. मोर सात होते.

मागच्या आठवड्यात विरारहून एक पोरगा आला,
तबला माझाच, आठ वर्षांपूर्वीचा,
दोन्ही डोळ्यांत दूध होतं तेव्हाचा.
नव्या डोळ्याला लगेच दिसलं:
शाई तिळाएवढी सरकलेली.
आठ वर्षं हा पोरगा त्यावर वाजवतोय!
म्हटलं, ठेवून जा, नवी पुडी चढवतो, पैसे नकोत.
तो म्हणाला, नको काका,
माझं बोट आता तिथंच जातं.
वादी तेवढी ओढून घेतली, चहा प्यायला, गेला.

उजव्याला चष्मा मिळालाय. सिलिंडर सव्वा, अक्ष नव्वद.
घातला की काना परत येतो,
पण फरशी एका बाजूला उतरते,
आणि दुकानाची पायरी पायाला खोटी सांगते.
सवय होईल म्हणाल्या, पंधरा दिवस द्या.
देईन.
तोवर चष्मा शाईच्या डब्याशेजारी पडून आहे,
आणि पाटी रंगवायला जो येणार आहे, त्याला निरोप धाडलाय:
काना जरा जाड काढ.